कोनफ्लॉवर बिघडलं तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

जुलै लागला की शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या आपल्या मंडळींकडून मला फोनवर फोटो यायला लागतात. मान मोडून लटकलेलं फूल. फुलाच्या मधल्या शंकूतून भलताच हिरवा तुरा फुटलेला. पानांची चाळण. खाली एकच प्रश्न: “काय फवारू?” बहुतेकांनी तोवर निंबोळी तेल एकदा मारूनही झालेलं असतं.

कोनफ्लॉवरचं दुखणं फुलात दिसतं, म्हणून आपण फुलापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. तपासणी खालून वर करायची: आधी माती आणि बुंधा, मग दांडा, मग पानं, सगळ्यात शेवटी फूल. हा क्रम पाळला तर फवारायची वेळ जवळजवळ येतच नाही. उलट केलं तर निरोगी रोप उपटलं जातं आणि रोगट रोप वाफ्यात तसंच राहतं. दोन्ही मी केलेलं आहे.

इथे लिहिलेलं सगळं इचिनेशिया पर्प्युरिया, म्हणजे साध्या जांभळट-गुलाबी कोनफ्लॉवरबद्दल आहे. तारखा उत्तर इलिनॉयच्या. सेंट लुइसकडे सगळं थोडं आधी होतं, मिनियापोलिसकडे थोडं उशिरा, तेवढा फरक धरून चला.

तयारी: वाफ्याकडे जाण्याआधी

हाताशी ठेवा: खुरपं, कुदळ, धारदार कात्री, दहापट मोठं दाखवणारं भिंग, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकलेलं अर्धी बादली पाणी, कचऱ्याच्या जाड पिशव्या आणि एक मोजपट्टी. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा चालतो, फक्त सावलीत फोटो काढा.

रोपाची चिठ्ठी शोधा. नर्सरीतून आणलेलं रोप साधं जंगली आहे की संकरित, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पिवळ्या, केशरी, लाल रंगाची आणि गेंदेदार दुहेरी फुलांची रोपं बहुधा संकरातून निवडलेली असतात. त्यांतली बरीचशी आपल्या ओल्या हिवाळ्यात दोन-तीन वर्षांत संपतात. तो आजार नाही, तुमचा दोषही नाही. १९९८ साली ‘पेरेनियल प्लँट ऑफ द इयर’ ठरलेलं ‘मॅग्नस’ किंवा सरळ बियांपासून केलेलं साधं रोप कितीतरी जास्त टिकतं.

सगळ्या फवारण्या आणि खतं बंद करा. रोपावर तेलाचा थर असेल तर डाग कशाचे आणि करपलेलं कशाने, हे कळत नाही.

आणि खड्डा खणायच्या आधी ८११ ला फोन करा. फुकट आहे. इलिनॉयमध्ये या सेवेला ‘ज्युली’ म्हणतात. ते येऊन गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा कुठून जातात त्या खुणा करून जातात. “एवढासा तर खड्डा” म्हणून शेजाऱ्यांचं इंटरनेट तोडलेले लोक माझ्या माहितीत आहेत.

पायरी १: रोप खरंच आजारी आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. खालच्या चार गोष्टी आजार नाहीत.

एप्रिलमध्ये काहीच दिसत नाही. डॅफोडिल फुललेलं असतं, ट्यूलिप वर आलेलं असतं आणि कोनफ्लॉवरच्या जागी नुसती माती. लोक “गेलं” म्हणून त्या जागी दुसरं रोप लावतात आणि खुरप्याने जिवंत बुंधा कापून टाकतात. मेच्या मध्यापर्यंत त्या जागेला हात लावू नका.

बियांपासून केलेल्या रोपाला पहिल्या वर्षी सहसा फूल येत नाही. पानांचा झुपका एवढीच त्याची पहिल्या वर्षाची कमाई. मुळं बसली की दुसऱ्या वर्षी फुलतं.

उमलताना पाकळ्या आखूड आणि हिरवट असतात. रंग नंतर भरतो. पुढे पायरी ५ मध्ये हिरव्या पाकळ्यांचा रोग येईल, तो वाचून आज उमललेल्या फुलावर धाड घालू नका. ‘ग्रीन ज्वेल’सारख्या काही जातींची तर फुलंच हिरवी असतात, चिठ्ठी शोधायला सांगितलं ते यासाठीही.

ऑगस्टअखेर पाकळ्या लोंबणं, शंकू काळे पडणं, खालची पानं तपकिरी होणं, हे वय आहे.

*तपासा:* मेअखेरही कोंब नसेल तर बोटाने इंचभर माती बाजूला करा. बुंध्यावर टणक, पांढरट किंवा गुलाबीसर डोळे दिसले तर जिवंत आहे, माती परत लोटा. बोट आत रुतलं आणि कुजका वास आला तर पायरी २ ला जा.

पायरी २: माती आणि बुंधा

माझ्या पाहण्यातल्या मेलेल्या कोनफ्लॉवरांपैकी बहुतेक पाण्याने मेली आहेत, आणि पाणी साचवणारा बहुधा आपलाच हात असतो.

आपल्याला सवय आळ्याची. आजीने कढीपत्त्याला, जास्वंदीला, आंब्याच्या कलमाला, सगळ्यांना आळं केलेलं आपण पाहिलं. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात ते बरोबरच होतं. मीही इथे पहिली तीन कोनफ्लॉवरं लावली तेव्हा छान गोल, काठ थापलेली आळी केली. नोव्हेंबरचा पाऊस त्यात साचला, डिसेंबरात गोठला, मार्चमध्ये वितळून पुन्हा साचला. मेमध्ये दोन गेली होती. तिसरं उताराकडेच्या टोकाला होतं, त्याचं आळं पावसाने आधीच फोडलं होतं म्हणून ते वाचलं.

या झाडाला इथला कडाका सोसतो, वीस अंश शून्याखाली गेलं तरी. सोसत नाही ती हिवाळ्यात बुंध्याभोवती थांबलेली ओल. त्यातून नेपरव्हिल, ऑरोरा, प्लेनफील्डकडच्या नव्या वसाहतींत बिल्डरने वरची काळी माती खरवडून नेलेली असते, खालची चिकणमाती यंत्रांनी दाबलेली असते आणि वर चार इंच माती पसरून लॉन अंथरलेलं असतं. प्रेअरीची जमीन म्हणून आपण ज्यावर भरवसा ठेवतो ती तिथे उरलेलीच नसते.

आता क्रमाने:

१. वाफसा पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर काम सुरू. तसाच थपकन पडला तर दोन दिवस थांबा. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं वाळून विटा होतात, आणि मग तो वाफा हंगामभर सुधारत नाही.

२. निचरा मोजा. रोपापासून दीड फुटावर फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा. तासाभराने पाणी किती उतरलं ते मोजपट्टीने पाहा. एक ते तीन इंच उतरलं तर निचरा चांगला. इंचाच्या आत असेल तर जागेतच अडचण आहे. मोजायचं ते दुसरं भरणं. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते आणि आपल्याला वाटतं, वा, काय निचरा आहे.

३. मल्च हटवा. लाकडाच्या भुशाचा ढीग बुंध्याला टेकलेला असेल तर तो तीन इंच मागे ओढा. इथल्या झाडांभोवती ज्वालामुखीसारखे मल्चचे ढीग दिसतात, ते पाहून शिकू नका.

४. बुंधा वर काढा आणि पाहा. पानं जिथून निघतात ती जागा जमिनीच्या पातळीवर हवी. खाली गाडली गेली असेल तर रोप जगतं, पण फुटवे कमी काढतं आणि कुजायला तयार राहतं.

५. एक दांडा हलकेच ओढा. तो बुडाशी मऊ होऊन हातात आला तर कूज. दांड्याच्या बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तरी तेच.

कूज थोडी असेल तर रोप वाचतं. कोंब तीन-चार इंचांचे असताना, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात, किंवा सप्टेंबर उजाडताना ते मुळांसकट उचला. पर्प्युरियाची मुळं तंतुमय असतात, त्यामुळे उचलणं जमतं. त्याच्या फिकट फुलाच्या चुलत बहिणीला, इचिनेशिया पॅलिडाला, खोल सोटमूळ असतं. तिला उचलायच्या फंदात पडू नका. मऊ झालेला भाग टणक पांढऱ्या भागापर्यंत कापा आणि पुन्हा लावायला खड्ड्याऐवजी उंचवटा करा: सहा ते आठ इंच उंच, दोन-तीन फूट पसरट, तीन भाग तिथलीच माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट. बुंधा माथ्याच्या पातळीत ठेवा. एकदा भरपूर पाणी द्या. भोवती इंच-दोन इंच मल्च, बुंध्यापासून लांब.

*सावधान:* चिकणमातीत वाळू मिसळू नका. थोड्या वाळूने ती सुटी होत नाही, उलट घट्ट बसते. आणि चिकणमातीत खड्डा घेऊन त्यात नुसती पिशवीतली भुसभुशीत माती भरू नका. चहूबाजूंनी पाणी न सोडणारी माती आणि मध्ये पाणी पिणारी, म्हणजे तुम्ही हौद बांधला.

निचरा बरा आणि बुंधा टणक निघाला तर पुढे जा. नसेल तर इथेच थांबा. बुंधा कुजत असताना पानांवरचे ठिपके मोजण्यात अर्थ नाही.

पायरी ३: ऊन, खत आणि झुकलेले दांडे

“भरपूर वाढलंय, पण फुलं नाहीत आणि पावसात आडवं होतं.” ही तक्रार ऐकली की मी खताचं विचारते. उत्तर बहुधा शेणखताची पोती, टोमॅटोला आणलेलं निळं खत किंवा घरी केलेलं जीवामृत, यांपैकी काहीतरी असतं. झेंडूला जे देतो ते यालाही दिलं. कोनफ्लॉवरला नत्र मिळालं की ते पानं काढतं, दांडे लांब आणि पोकळ-मऊ करतं आणि फुलांचं नंतर बघू म्हणतं. जमीन अगदीच मृत नसेल तर याला खत लागत नाही. वसंतात अर्धा इंच कंपोस्ट पसरलं तरी पुष्कळ.

खत दिलंच नसेल तर लॉनकडे पाहा. लॉनला फेकून दिलेल्या खताचे दाणे वाफ्याच्या कडेला पडतात, आणि झुकलेली रोपं नेमकी त्या कडेचीच असतात.

मग ऊन मोजा. जूनमधल्या एका दिवशी सकाळी ८, १०, १२, २, ४ आणि ६ वाजता वाफ्याचा फोटो काढा. थेट ऊन सहा तासांपेक्षा कमी असेल तर रोप उजेडाकडे ताणलं जाणारच. शेजाऱ्यांचा मेपल पाच वर्षांत किती वाढला हे आपल्या लक्षात येत नाही, म्हणून फोटो.

पाणी: पहिल्या हंगामात पावसासकट आठवड्याला इंचभर. दुसऱ्या वर्षापासून दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तरच, आणि तेही बुडाशी. लॉनच्या स्प्रिंकलरचं तोंड वाफ्याकडे असेल तर ते आज फिरवा.

उंच जात असेल आणि दरवर्षी पडत असेल तर मेअखेर सगळे दांडे वरून एक तृतीयांश कापा. फुलं पंधरा दिवस उशिरा येतात, पण दांडे जाड आणि फांद्या जास्त. जुलैत हे करू नका, कळ्याच कापल्या जातील.

*तपासा:* दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर आहे का? नसेल तर पुढच्या पायरीतली भुरी ठरलेली.

पायरी ४: पानं

इथे फार थांबायचं कारण नाही. कोनफ्लॉवर पानांच्या दुखण्याने सहसा मरत नाही. फक्त कोण आहे ते ओळखा.

कोवळा कोंब कात्रीने तिरका कापल्यासारखा साफ कापलेला असेल तर ससा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून त्याचा काप फाटका दिसतो. सशासाठी दोन फूट उंच, इंचभर भोकांची जाळी रोपाभोवती लावा आणि खालची कड जमिनीत दाबा. रोप फूटभर झालं की ससे बहुधा नाद सोडतात.

पानांच्या नुसत्या शिरा उरल्या असतील आणि आसपास हिरव्या डोक्याचे, तांब्याच्या रंगाच्या पाठीचे चमकदार भुंगे असतील तर ते जपानी भुंगे. १९१६ साली न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडले, आता इथे दर जूनअखेर हजर. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. पानाखाली बादली धरायची आणि टिचकी मारायची. रोज पाच मिनिटं, तीन आठवडे. दुकानातला पिवळा सापळा लावू नका: तो पकडतो त्याहून जास्त भुंग्यांना तुमच्या अंगणाचं आमंत्रण देतो. लावायचाच असेल तर वाफ्यापासून जितका लांब जमेल तितका.

काळ्या, काटेरी अळ्यांचा थवा पानाच्या खालून खात असेल तर हात आवरा. त्या बहुधा ‘सिल्व्हरी चेकरस्पॉट’ या इथल्याच फुलपाखराच्या असतात. पान जातं, रोप पुन्हा फुटतं. फुलपाखरं यावीत म्हणून कोनफ्लॉवर लावायचं आणि अळी दिसली की फवारा काढायचा, हे मला कधी उमगलेलं नाही.

पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. ऑगस्टमध्ये दाटीत येते. काळपट ठिपके पानावर वरून पाणी पडल्याने वाढतात. दोन्हींवर उपाय एकच: मधली गर्दी कमी करा, खराब पानं काढा, पाणी बुडाशी द्या.

पायरी ५: फूल. चार एकसारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण फोटोत ही एकमेकांसारखी दिसतात. ठरवण्याआधी प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा. दांडा अखंड आहे का? पाकळ्यांचा रंग बरोबर आहे का? बाकीचं रोप नेहमीसारखं आहे का?

(क) दांडा मोडलेला: सोंड्या भुंगा

फूल उलटं लटकतंय किंवा खाली पडलंय. फुलाच्या खाली इंच-दीड इंचावर दांड्याभोवती बारीक टोचे ओळीने मारलेले दिसतात, भिंगाने नक्की. लोक वाऱ्याला किंवा खारीला दोष देतात. हे काम पाव इंचाच्या, गडद रंगाच्या, लांब सोंडेच्या भुंग्याचं आहे. मादी दांडा जवळजवळ तोडते आणि त्या मरत्या फुलात अंडी घालते. अळ्या फुलात वाढतात, मग मातीत उतरून हिवाळा काढतात आणि पुढच्या जूनअखेरीस वर येतात.

उपाय त्याच्या फेऱ्यात आहे. लटकलेली सगळी फुलं टोच्यांच्या खाली कापा, जमिनीवर पडलेलीही वेचा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. दोन-तीन दिवसांनी एकदा, जुलै संपेपर्यंत. पडलेली फुलं तशीच राहिली तर पुढच्या वर्षीचे भुंगे तुम्ही पाळलेत. फवारणीचा उपयोग नाही, कारण टोचे दिसेपर्यंत काम झालेलं असतं. सूर्यफूल किंवा सिल्फियम (सूर्यफुलासारखंच उंच, पिवळ्या फुलांचं इथलं झाड) जवळ असेल तर तिथेही पाहा, तो तिकडेही जातो.

(ख) शंकूतूनच तुरा, बाकी सगळं ठीक: कोळी

दांडा अखंड, पानं हिरवीगार, पाकळ्यांचा रंग बरोबर. पण शंकूच्या एका भागातून झुपकेदार, खरबरीत, कधी हिरवा कधी लालसर गुच्छ निघालाय. हे एरिओफाइड जातीच्या कोळ्यांचं (माइट्सचं, जाळं विणणाऱ्या कोळ्याचं नव्हे) काम. ते इतके सूक्ष्म असतात की आपल्या भिंगातूनही दिसत नाहीत. कळीच्या आत राहतात, त्यामुळे निंबोळी तेल किंवा साबण त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

फक्त ती फुलं कापून कचऱ्यात टाका. रोप ठेवा. शरदात त्या रोपाचे सगळे दांडे बुडापर्यंत कापून बाहेर काढा.

(ग) रंगच बिघडला, रोपही बिघडलं: ॲस्टर यलोज

पाकळ्या हिरव्या राहिल्या आहेत, उमलून दहा-बारा दिवस झाले तरी. शंकूतून छोटी पानं किंवा अख्खी छोटी फुलं दांड्यासकट उगवली आहेत. पानं पिवळट, रोप खुजं, बुडाशी बारीक फुटव्यांची गर्दी. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, पण शंकू सोडून आणखी कुठेतरी बिघाड असतोच.

वांग्याचा पर्णगुच्छ ज्यांनी शेतात पाहिलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल. जात तीच: फायटोप्लाझ्मा, पेशीला भिंत नसलेले जीवाणू, झाडाच्या अन्नवाहिनीत राहणारे. वाहकही ओळखीचा, तुडतुडा. इथला तुडतुडा जेमतेम चार मिलिमीटरचा. त्यांतले बरेचसे वसंतात दक्षिणेच्या राज्यांतून वाऱ्याबरोबर वर येतात, म्हणून एखाद्या वर्षी रोग फार आणि एखाद्या वर्षी जवळजवळ नाही. रोगट झाडाचा रस प्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो रोग पसरवू लागतो आणि मरेपर्यंत पसरवत राहतो.

घरच्या बागेत याला औषध नाही. फूल कापून रोप बरं होत नाही, कारण रोग बुंध्यात असतो आणि पुढच्या वर्षी पहिल्या पानाबरोबर परत येतो. वांग्याला जे सांगतात तेच इथे: मुळासकट उपटा. तुडतुड्यांवर फवारूनही हाती काही लागत नाही. आज मेले तरी परवा दुसरे येतात, आणि मधल्या मध्ये मधमाश्या मरतात.

(घ) सगळंच पिळवटलेलं: तणनाशक

पानं द्रोणासारखी वळलेली, दांडे पिळलेले, फुलं वेडीवाकडी, आणि हे एकाच रोपात नाही तर ओळीने, लॉनच्या बाजूला जास्त. तारीख आठवा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या लॉनवर डँडेलियन (पिवळ्या फुलाचं तण) मारायची फवारणी झाली होती का? टू-फोर-डी आणि डायकांबासारखी तणनाशकं रुंद पानांवरच काम करतात आणि कोनफ्लॉवरचं पान रुंद आहे. उपटू नका. पाणी द्या, वाट पाहा. नवी पानं सरळ निघाली तर रोप सावरलं.

*तपासा, उपटण्याआधी:* संशयी रोपाच्या दांड्याला रंगीत दोरा बांधा, फोटो काढा, दहा दिवसांनी पुन्हा काढा. फक्त शंकूत तुरा असेल तर (ख). पूर्ण उमलूनही पाकळ्या हिरव्याच आणि रोप पिवळं असेल तर (ग). मी एका वर्षी घाईने (ख) ला (ग) समजून आठ वर्षांचं रोप उपटलं होतं. दहा दिवस थांबल्याने फार बिघडत नाही. दहा आठवडे थांबू नका.

पायरी ६: उपटायचं ठरलं तर

१. सकाळी लवकर, वारा नसताना करा. रोप पिशवीने झाका, मग बुडाशी कापा, म्हणजे त्यावर बसलेले तुडतुडे पिशवीत जातील.

२. कुदळीने बुंधा आणि हाताला लागतील तेवढी मुळं काढा. तुकडा राहून पुन्हा फुटला तर तोही काढा.

३. पिशवी बांधून कचऱ्यात.

४. भोवतीचं तण काढा, विशेषतः डँडेलियन आणि रुंद, अंडाकृती पानांचं, लॉनमध्ये चपटं पसरणारं प्लँटेन. ॲस्टर यलोज त्यांच्यातही राहतो. गाजर, लेट्यूस आणि आपला झेंडूही याला बळी पडतात, तेव्हा त्या वाफ्यांवरून एक नजर फिरवा.

फायटोप्लाझ्मा मातीत जगत नाही. त्याच खड्ड्यात त्याच दिवशी नवं कोनफ्लॉवर लावलं तरी चालतं. लोक माती उकरून फेकतात, त्यात ब्लीच ओततात, गरज नाही. मात्र रोप पायरी २ मधल्या कुजीने गेलं असेल तर गोष्ट वेगळी: बुरशी मातीत टिकते आणि निचराही तोच आहे. तिथे कोनफ्लॉवर पुन्हा नको.

पायरी ७: शरदातली आवराआवर आणि नवी रोपं

निरोगी रोपांचे शंकू ठेवा. गोल्डफिंच पक्षी ते हिवाळाभर टोचतात आणि पाहायला मजा येते. कोळ्यांची आणि भुंग्यांची फुलं आधीच कापून झाली असतील तर ठेवण्यात धोका नाही. वसंतात दांडे कापताना एक-दीड फुटाचे खुंट सोडा, त्यांत इथल्या एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्या घर करतात. सोसायटीकडून “वाळका कचरा” काढण्याची चिठ्ठी आली तर वाफ्याची पुढची कड तेवढी नीट कापून ठेवा, सहसा भागतं.

नवीन लावणी सप्टेंबरच्या मध्यानंतर करू नका. मुळं बसली नाहीत तर हिवाळ्यात जमीन गोठते-वितळते तसं रोप वर ढकललं जातं आणि फेब्रुवारीत मुळं उघडी पडलेली दिसतात. दिसलंच तर उपटू नका, हाताने दाबा आणि वर पाला टाका.

बियांसाठी: काळे, वाळलेले, बोटाला टोचणारे शंकू ऑक्टोबरात हातमोजे घालून चुरा. एक, नोव्हेंबर-डिसेंबरात सरळ वाफ्यात पेरा, वर पाव इंचाहून जास्त माती नको. किंवा दोन, ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घाला आणि महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, मग मार्चमध्ये घरात पेरा. वाळू ओलसर म्हणजे दाबल्यावर पाणी गळणार नाही इतकीच. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती फोडणीला काढेल. संकरित रोपाचं बी धरलं तर आईसारखं फूल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

मेमध्ये वाफ्यात उगवलेली रोपं तण समजून खुरपली जातात. आधी दोन गोल गुळगुळीत पानं येतात. त्यानंतरची पानं टोकदार, खरखरीत, बारीक लव असलेली आणि लांबीकडे धावणाऱ्या ठळक शिरांची. खात्री नसेल तर तीन-चार ठेवा आणि महिनाभर बघा.

एवढं करूनही निदान होत नसेल तर लाइलमधल्या मॉर्टन आर्बोरेटमच्या प्लँट क्लिनिकला किंवा युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय एक्स्टेन्शनच्या (विद्यापीठाची शेती-बाग सल्लासेवा) मास्टर गार्डनरना, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवकांना, विचारा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या विद्यापीठाचं एक्स्टेन्शन पाहा. तीन फोटो पाठवा: मल्च बाजूला केलेला बुंधा, मागे हटून घेतलेलं अख्खं रोप आणि मग फूल. सोबत रोपाचं नाव, लावल्याचं वर्ष, तासाला किती इंच पाणी उतरलं तो आकडा आणि लॉनवर शेवटची फवारणी कधी झाली तेही लिहा. निंबोळी तेल मारलं असेल तर तेही लपवू नका.